रानांत जाणाऱ्या मुलाचा चाकू

पावसाळा सरून नवरात्र जवळ आलें, कीं शाळा-कॉलेजांतल्या मुलांच्या सहलींचे व छावण्यांचे बेत सुरू होतात. आणि या बेतांबरोबर घरोघरीं एक नवा वाद उपस्थित होऊं लागला आहे. मुलगा डोंगरावर निघाला म्हणजे पांघरूण, पाण्याची बाटली, दशम्या व विजेची बत्ती यांपलीकडे त्याची मागणी पूर्वीं जात नसे. हल्लीं त्याला चाकू हवा असतो. आणि तोहि खिशांतला नव्हे, तर ज्याला 'बुशक्राफ्टचा चाकू' म्हणतात तो. एका मोठ्या एकत्र कुटुंबांतून आम्हांस नुकतेंच आलेलें पत्र या वादाचा चांगला नमुना आहे. चौदा वर्षांच्या मुलानें दहा इंच लांबीच्या काळ्या पात्याचा, पाठीवर करवतीसारखे दांते असलेला व पोकळ मुठींत होकायंत्र बसविलेला चाकू पसंत केला आहे. काकांचा त्यास पाठिंबा आहे, कारण मुलगा जरा कणखर व्हावा अशी त्यांची इच्छा. वडील किंमत ऐकून स्तब्ध आहेत. आणि आजीबाईंचें म्हणणें असें कीं, लिहिण्यावाचण्यावर जगणाऱ्या घरांत हें हत्यार हवेंच कशाला? मुलगा एक दिवस स्वतःचा हात तोडून घेईल, नाहींतर दुसऱ्याचा.

आम्हांस मत विचारलें आहे, तें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. काकांनीं पसंत केलेला चाकू घेऊं नये, आणि आजीबाईंचा निकालहि जसाच्या तसा मानूं नये. मुलाला चाकू अवश्य द्यावा. मात्र तो चार इंचांच्या आंतबाहेरचा, पातळ पात्याचा, साध्या मुठीचा आणि दिसण्यांत अगदीं गरीब असा असावा. असें कां, तें आतां सांगतों.

'बुशक्राफ्ट' या शब्दास आपण 'रानविद्या' म्हणूं. लढाईशीं या विद्येचा कांहीं संबंध नाहीं. सामान थोडें जवळ ठेवून रानांत सुखानें राहतां यावें, निवारा उभारतां यावा, चूल पेटवितां यावी, आणि मेख, आंकडा, चमचा अशा लहानसहान वस्तू लांकडाच्या आपल्या हातानें घडवितां याव्या, एवढाच तिचा हेतु. अमेरिकेंत या विद्येवर ज्यांनीं प्रथम लिहिलें त्यांत जॉर्ज सीअर्स हे एक होते. 'नेसमुक' हें त्यांचें टोपणनांव. शरीरानें किरकोळ असलेला हा गृहस्थ १८८३ सालीं अवघ्या साडेदहा पौंड वजनाच्या होडींतून ॲडिरॉन्डॅकच्या सरोवरांत हिंडला. पुढच्याच वर्षीं, १८८४ त, त्यांनीं 'वुडक्राफ्ट' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांचीं हत्यारें तीनच: एक हलकी कुऱ्हाड, एक खिशांतला चाकू आणि एक पातळ पात्याची सुरी. १९०६ सालीं होरेस केफर्ट यांचा छावणीवरील ग्रंथ निघाला. दुकानांत 'शिकारीचा' म्हणून विकला जाणारा जाड व भयंकर चाकू त्यांना मुळींच मान्य नव्हता. स्वस्त कादंबऱ्यांतून उचललेला तो नमुना आहे, अशी त्यांनीं त्याची थट्टा केली आहे. कॅनडांतील मॉर्स कोचान्स्की हे तर अलीकडचे. ते २०१९ सालीं वारले. उत्तरेकडच्या कडक थंडीच्या अरण्यांत आयुष्य घालविलेल्या या शिक्षकानें पात्याचें माप सांगितलें तें असें कीं, पातें साधारण आपल्या तळहाताच्या रुंदीएवढें असावें. तिघांचा काळ निरनिराळा, रानेंहि निरनिराळीं; पण तिघेहि लहान पात्यावर येऊन थांबतात, ही गोष्ट आमच्या मतें दुकानदाराच्या दहा जाहिरातींहून अधिक वजनाची आहे.

याचें कारण शोधायला दूर जावें लागत नाहीं. छावणींत चाकूला दिवसभरांत जीं कामें पडतात तीं मोजून पाहावीं. दोरी कापणें, कांदा चिरणें, मेखेला टोंक काढणें, भांडें टांगण्याच्या काठीला खांच पाडणें, चुलीसाठीं काडीवर बारीक ढलप्यांचा फुलोरा उठविणें. यांपैकीं प्रत्येक कामांत जोर लागतो तो मुठीजवळच्या दोन इंचांत. हातापासून पातें जितकें लांब जाईल तितका हाताचा ताबा कमी, आणि टोंक कोठें चाललें आहे याची शुद्धहि कमी. दहा इंची चाकूचीं पुढलीं सहा इंचें हीं निवळ ओझें आहेत. इतकेंच नव्हे, तर तीं कोणाच्या तरी गुडघ्याकडे रोखलेलीं आहेत. जाड पातें लांकूड कापीत नाहीं, पाचरीसारखें फाकवितें. पाठीवरच्या दांत्यांनीं करवतीचें काम होत नाहीं, कारण त्यांत भुसा अडकून बसतो. उलट कोरकाम करतांना ज्या ठिकाणीं अंगठा टेकावयाचा ती जागाच त्यांनीं अडविलेली असते. पोकळ मुठीचा प्रकार सर्वांत वाईट. पात्याची शेपटी मुठींत खोल गेलेली नसल्यामुळें सारा भार एका सांध्यावर येतो, आणि सांधा निसटला कीं पातें एकीकडे व मूठ दुसरीकडे. होकायंत्र हवें असेल तर तें वेगळें घ्यावें.

आतां ज्या चाकूची आम्ही शिफारस करणार आहों त्याच्या गांवीं जाऊं. स्वीडन देशाच्या मध्यभागीं डालार्ना प्रांतांत सिल्यान नांवाच्या सरोवराकांठीं मोरा हें गांव आहे. तेथील फ्रोस्ट एरिक एर्सन हा गृहस्थ अमेरिकेंत कांहीं वर्षें काढून परत आला आणि १८९१ सालीं मोराजवळच्या ऑस्टनोर खेड्यांत त्यानें ओंडके वाहण्याच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. कामगारांना चाकू लागत म्हणून तेहि तेथेंच करूं लागले. हळूहळू घसरगाड्या मागें पडल्या व चाकू पुढें आले. १९१२ पासून त्याच खेड्यांत दुसरा एक कारखाना चाले. २००५ सालीं दोन्ही एक झाले, आणि आज त्यांचा माल 'मोराक्नीव्ह' या नांवानें जगभर जातो. सुतार, कोळी, शेतकरी, वीजकाम करणारे, शाळेंतलीं मुलें, सर्वांच्या कमरेला तिकडे हाच चाकू. तो शोभेचा नाहीं, भारी किमतीचा नाहीं, आणि हरवला तर कोणी अश्रु ढाळीत नाहीं. त्यांतील 'कंपॅनियन' नांवाचा सर्वसाधारण कामाचा चाकू घेतला तर पातें सुमारें १०४ मिलिमीटर लांब व अडीच मिलिमीटर जाड, म्हणजे आमच्या चार इंचांच्या हिशोबांत बसणारें. केवळ लांकूड कोरण्यासाठीं म्हणून जे निराळे चाकू तेथें होतात त्यांचें पातें याहूनहि लहान, सुमारें साठ व ऐंशी मिलिमीटर. आणि त्यांत मध्यें कठीण पोलादाचा पदर व दोन्ही अंगांस मऊ पोलाद अशी तिपदरी घडण असते. आपला लोहार कोयत्याच्या धारेपुरतें पोलाद चढवितो, त्यामागेंहि कल्पना हीच.

मोराच्या शेजारींच नुसनेस म्हणून खेडें आहे. लाल रंगावर पानाफुलांची नक्षी काढलेला स्वीडनचा लांकडी घोडा पुष्कळांनीं चित्रांत पाहिला असेल. तो या खेड्यांत होतो. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत तो गाजला, परंतु मूळचा तो हिंवाळ्याच्या लांब रात्रीं शेकोटीशीं बसून मुलांसाठीं चाकूनें कोरलेला खेळ. आमच्या सावंतवाडीस चितार आळींत लांकडी खेळणीं होतात, तीं पाहिलेल्या वाचकांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पांगाऱ्याचें मऊ लांकूड तेथें पूर्वापार वापरांत आहे, आणि नवशिक्याच्या चाकूला तें फार मानवतें, हें पुढें उपयोगीं पडेल म्हणून येथेंच नोंदवून ठेवतों.

या चाकूचें खरें मर्म त्याच्या धारेच्या उतारांत आहे, आणि चाकू विकत घेणाऱ्यानें दुसरें कांहीं पाहिलें नाहीं तरी हें पाहावें. स्वयंपाकघरांतल्या सुरीचें पातें पाठीपासून धारेपर्यंत निमुळतें होत जातें आणि अगदीं शेवटीं धारेला एक दुसरा बारीक उतार असतो. मोराच्या चाकूचें पातें अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत सपाट असतें. तेथून दोन्ही बाजूंस एकच सरळ उतार थेट धारेपर्यंत गेलेला. दोन उतार मिळून कोन होतो तो सुमारें वीस ते पंचवीस अंशांचा. हा रुंद उतार लांकडावर टेकला म्हणजे सुताराच्या पटाशीप्रमाणें चाकूला बैठक मिळते. पाठ किंचित् उचलावी, धार आंत शिरते. किंचित् खालीं करावी, ढलपी पातळ होऊन बाहेर येते. कापाची खोली मुलाच्या मनगटाला कळूं लागते, आणि हें कळणें म्हणजेच कोरकामाचा निम्मा अभ्यास. दुसरा फायदा धार लावतांना दिसतो, तो पुढें सांगूं. तोटेहि सांगितले पाहिजेत. असल्या पात्यानें गाजर किंवा सुरण चिरूं गेल्यास फोड कापली न जातां तडकते. हाडासारख्या कठीण पदार्थावर किंवा वाळलेल्या बाभळीच्या गांठीवर ही बारीक धार दुमडते किंवा तिचा कपचा उडतो. म्हणून घरच्या भाजीला घरची विळीच बरी.

पोलाद कोणतें घ्यावें, यावर हौशी लोकांत वाद पुष्कळ होतात. आम्ही त्यांत फार शिरत नाहीं. प्रकार मुख्य दोन: गंजणारें व सहसा न गंजणारें. गंजणाऱ्या पोलादाला धार लवकर व सुरेख येते. त्याचा स्वभाव आपल्या घरच्या आजींस पक्का ठाऊक असतो, कारण जुनी लोखंडी विळी त्याच कुळांतली: केळफूल चिरलें कीं पातें काळें, आणि रात्रीं ओली राहिली कीं सकाळीं तांबूस. पुसून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवणाऱ्यानेंच ती बाळगावी. मुंबईंत व कोंकणांत, जेथें पावसाळ्यांत पेटींतल्या कपड्यांनाहि बुरशी येते, तेथें पहिला चाकू न गंजणाऱ्या पोलादाचाच घ्यावा. देशावर, आणि मुलगा टापटिपीचा असेल तर, दुसरा घ्यायला हरकत नाहीं. धारेंतला फरक नवशिक्याला कळण्याइतका नसतो.

मुठीकडे मात्र लोक पाहतात त्याहून अधिक पाहावें. मूठ अंडाकृति, गुळगुळीत पण निसरडी नाहीं अशी हवी, आणि पकडल्यावर बोटांचीं टोंकें तळव्याला जेमतेम लागावीं. बोटांसाठीं खांचा पाडलेली मूठ दुकानांत छान वाटते. परंतु त्या खांचा एकाच पकडीच्या सोयीच्या असतात, आणि कोरकामांत चाकू कधीं सरळ, कधीं उलटा, कधीं अंगठ्याच्या जोरावर असा दहा तऱ्हांनीं धरावा लागतो. मुठीपुढें बोट घसरूं नये म्हणून जो आडोसा असतो तो कोरणाऱ्याला अडचणीचा होतो, पण अगदीं लहान मुलाला उपयोगी. लहानांसाठीं बोथट टोंकाचे व आडोशाचे चाकू त्याच कारखान्यांत होतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांमुलींना तेच द्यावे. म्यान असें असावें कीं उलटें धरून हलविलें तरी चाकू पडूं नये, आणि तळाशीं पाणी निघून जाण्यास भोंक असावें. मिटणारा चाकू पहिला म्हणून नको. जोर लावतांना तो बोटांवर मिटण्याचा संभव असतो.

पात्याची शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असावी कीं काय, हाहि एक लाडका वाद. ज्यांना चाकू ओंडक्यावर ठेवून पाठीवर दांडक्यानें ठोकून लांकूड फोडावयाचें असतें ते होय म्हणतात. त्यांच्यासाठीं मोराच्याच कारखान्यानें 'गारबर्ग' नांवाचा जाड चाकू काढला आहे, पातें १०९ मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर. मजबूत खरा, पण जड. आणि कोरण्याच्या कामांत प्रत्येक ग्रॅमाचा हिशोब मनगट ठेवतें. आमचें मत असें कीं, फोडण्याचें काम चाकूकडे देऊंच नये. सीअर्स व केफर्ट यांच्याजवळ त्यासाठीं कुऱ्हाड होती; आपल्याकडे कोयता आहे. कोंकणांतला माणूस कमरेच्या आकडींत कोयता अडकवून रानांत शिरतो व त्यानें वाट साफ करण्यापासून नारळ सोलण्यापर्यंत सारें करतो. त्याला कोणी रानविद्या शिकविलेली नाहीं. लहान मुलांच्या छावणींत कोयता वडीलधाऱ्यांच्या हातीं असावा व चाकू मुलांच्या; म्हणजे दोन्ही हत्यारांना आपापलें काम मिळेल.

आतां आजीबाईंच्या आक्षेपाकडे वळूं. त्याचे दोन भाग आहेत: भय आणि अप्रतिष्ठा. भयाचा विचार पुढें करूं. अप्रतिष्ठेविषयीं बोलावयाचें तर, खंडेनवमीला आपल्या घरांतून विळी, अडकित्ता, कात्री यांना गंधफूल वाहतात, आणि मुलांना त्यांना हात लावूं देत नाहींत. दुसऱ्या दिवशीं तीं पुन्हा फळीवर. हत्याराची पूजा आहे, संगत नाहीं. याच गोष्टीचा विचार उत्तर युरोपांत दीडशें वर्षांपूर्वीं झाला. फिनलंडमध्यें उनो सिग्नेउस यांच्या खटपटीनें १८६६ सालीं हस्तकाम हा लोकशाळांतला सक्तीचा विषय झाला. स्वीडनमध्यें गोटेनबर्गजवळ नेस येथें ऑगस्ट अब्राहमसन या व्यापाऱ्याच्या वाड्यांत त्यांचे भाचे ऑटो सॉलोमन यांनीं १८७५ पासून शिक्षकांचे वर्ग चालविले. या शिक्षणास तिकडे 'स्लॉइड' म्हणतात. देशोदेशींचे शिक्षक, स्त्रिया व पुरुष, तेथें शिकून गेले. सॉलोमन यांचा उद्देश मुलांना सुतार करण्याचा नव्हता. डोळा, हात व विचार यांना एकत्र काम करण्याची सवय लागावी, आणि अंगमेहनतीविषयीं आदर उत्पन्न व्हावा, हा होता. आणि त्यांच्या क्रमांत मुलाच्या हातीं पहिलें हत्यार येतें तें चाकू! करवत, रंधा, पटाशी मागाहून. चाकू ज्याच्या त्याच्या घरीं असतो, आणि त्यानें काय होतें तें तात्काळ डोळ्यांना दिसतें, म्हणून. स्वीडनच्या शाळांतून हा विषय आजहि मुलांना व मुलींना सक्तीचा आहे. आपल्याकडे १९३७ सालीं वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली तिचाहि रोख हस्तव्यवसायांतून शिक्षण देण्यावरच होता. तो विचार आपल्या वर्गाच्या शाळांतून किती रुजला, तें ज्यानें त्यानें आपल्या मुलाच्या दप्तरांत डोकावून पाहावें. फिनलंडांत तर 'पुक्को' नांवाचा असाच लहान चाकू सन्मानाची भेट म्हणून देतात. तेव्हां लिहिण्यावाचण्याच्या घरांत चाकू कशाला, या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं, तेथेंच तो अधिक हवा.

भयाचा भाग मात्र खरा आहे, आणि तो हंसण्यावारी नेणारे काका आम्हांस आवडत नाहींत. चाकूनें होणारा सर्वांत घातक अपघात बोटाला नव्हे, मांडीला होतो. मांडीवर लांकूड टेकवून कापण्याची मुलांना हौस असते. मांडीच्या आंतल्या अंगास जी मोठी रक्तवाहिनी आहे तिला चाकू लागल्यास रानांत मदत येईपर्यंत वेळ उरत नाहीं. म्हणून बसून काम करतांना कोपर गुडघ्यांवर टेकून हात पुढें न्यावे, किंवा लांकूड एका बाजूस ठोकळ्यावर टेकवावें. म्यानांतला चाकू हातांत धरून भोंवतीं हात फिरवावा; त्या वर्तुळांत कोणी नसेल तरच म्यान काढावें. चालतांना चाकू म्यानांत. दुसऱ्याला द्यावयाचा तो मूठ पुढें करून, अगर खालीं ठेवून. बोथट चाकूनें जखमा अधिक होतात, हें म्हणणें विरोधाभासाचें वाटेल, पण कारण उघड आहे: धार नसली कीं जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेलें पातें लांकडांतून सुटलें कीं कोठें जाईल याचा नेम नाहीं. हात दमले किंवा अंधार पडला कीं काम थांबवावें. कापलेंच तर स्वच्छ फडक्यानें घट्ट दाबून धरून हात वर उचलून ठेवावा. आणि छावणीपूर्वीं धनुर्वाताची लस वेळच्या वेळीं झालेली आहे कीं नाहीं, तें पाहावें. आठव्या वर्षीं वडीलधाऱ्याच्या शेजारीं बसून, बाराव्या वर्षीं त्याच्या नजरेसमोर, आणि दोन वर्षें तसें काम केल्यावर छावणींत, असा क्रम आम्ही सुचवितों. ज्या चौदा वर्षांच्या मुलानें घरीं एक मेखहि घडविली नाहीं, त्यानें पहिल्याच सहलींत चाकू नेऊं नये.

धार लावणें हें चाकू घेण्याइतकेंच महत्त्वाचें आहे, आणि घरोघरीं चुकतें तें येथें. दारावर सायकलचें चाक फिरवीत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी-कात्री खुशाल द्यावी. हा चाकू देऊं नये. फिरत्या दगडावर धार तापते, निळसर झाली कीं पोलादाला दिलेलें पाणी गेलें असें समजावें, आणि तो सरळ उतार गोल होऊन बसतो. घरीं दोन बाजूंचा एक दगड घ्यावा, एक बाजू हजार नंबरची व दुसरी चार-सहा हजारांची. दगड पाण्यांत भिजवून ओल्या फडक्यावर पक्का ठेवावा. उताराचा पुरा पृष्ठभाग दगडावर सपाट बसवावा. कोन अंदाजानें साधण्याची गरज नाहीं, तो कारखान्यानेंच घालून दिलेला आहे, आणि वर ज्या दुसऱ्या फायद्याचा उल्लेख केला तो हाच. एक बाजू घासतां घासतां दुसऱ्या अंगास धारेवर बारीक कोर उठलेली नखाला लागली कीं बाजू बदलावी. शेवटीं न्हावी वस्तऱ्यासाठीं ठेवतो तसल्या चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागें ठेवून, दहा-वीस वेळां ओढावा. कागदाची कड धरून चाकूनें कापून पाहावी. फाटत असेल तर पुन्हा दगडावर. हें काम मुलानें स्वतः करावें. ज्याला धार लावतां येत नाहीं त्याचा चाकू महिन्याभरांत निरुपयोगी होतो.

कायद्याविषयीं दोन शब्द. १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या व तत्सम कामांचे त्यांतून वगळलेले आहेत. म्हणजे मुलानें पसंत केलेला दहा इंची चाकू नको तें संकट घरांत आणूं शकतो. आमचा चार इंची त्या मापांत येत नाहीं. तथापि पोलिसांचे स्थानिक हुकूम वेळोवेळीं निराळे असतात, म्हणून गांवांतून कमरेला चाकू मिरवीत फिरूं नये. पिशवींत खोल बांधून न्यावा. विमानांत तो हातच्या सामानांत चालत नाहीं. ज्यांचीं मुलें शिक्षणानिमित्त इंग्लंडांत आहेत त्यांनीं हें जाणून असावें कीं, तेथें सबळ कारणावांचून सार्वजनिक जागीं असा स्थिर पात्याचा चाकू बाळगणें हा १९८८ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. सूट आहे ती तीन इंचांच्या आंतील मिटणाऱ्या चाकूला.

आणि रानाचाहि कायदा आहे. स्वीडनच्या पुस्तकांतलीं चित्रें पाहून सह्याद्रींत झाडाची ओली फांदी तोडूं लागणें योग्य नव्हे. राखीव जंगलास १९२७ चा वनकायदा व अभयारण्यांस १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे. पुष्कळ किल्ले संरक्षित स्मारकें आहेत. तेथें तटाशीं शेकोटी पेटविणें, हें शिवाजीमहाराजांचा जयजयकार करून केलें तरी अपराधच. यासाठीं कोरण्याचें लांकूड घरूनच न्यावें. शहरांत पावसाळ्याच्या तोंडीं रस्त्यावरच्या झाडांची जी छाटणी होते तीतलीं आंबा, कडुनिंब, सावर, पांगारा यांचीं मनगटाएवढीं लांकडें विचारून मागून आणावीं. ओलें लांकूड मऊ असतें, म्हणून तें ताजें असतांनाच घडवावें. थांबावयाचें असेल तर ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावें. शिवणीचें लांकूड मिळालें तर फारच उत्तम. वखारींतला वाळका सागवान, बाभूळ व खैर यांच्या वाटेस पहिल्या वर्षीं जाऊं नये. चाकूहि रडेल व मुलगाहि.

पहिलें काम तंबूच्या मेखेचें द्यावें. टोंक काढणें, डोक्याकडे कड मोडणें आणि दोरीसाठीं खांच पाडणें या तीन गोष्टींत चाकूच्या बहुतेक पकडी येऊन जातात. अशा सहा मेखा एकसारख्या झाल्या कीं मग भांड्याचा आंकडा, आणि त्यानंतर उलथनें. चमच्याची खोलगट वाटी सरळ पात्यानें कोरतां येत नाहीं; तिला वांकडें पातें लागतें, व त्याला धार लावणें अधिक कठीण असतें, म्हणून तें दुसऱ्या वर्षीं घ्यावें. उलथनें तयार झालें म्हणजे सावलींत आठ-दहा दिवस वाळूं द्यावें, मग घाण्याचें खाण्याचें जवसाचें तेल त्यास दोन-तीन वेळां चोळून पुन्हा पंधरा दिवस तसेंच ठेवावें; रंगाच्या दुकानांतलें तेल त्यास लावूं नये, त्यांत वाळविण्याचीं औषधें घातलेलीं असतात. तेल पुरतें मुरून हाताला चिकट लागेनासें झालें कीं तें आजीबाईंच्या हातीं द्यावें, आणि पिठल्यांत पहिल्यांदा त्यांनींच घालावें.